पाय काढल्यानंतर : शस्त्रक्रियेनंतरची घरची शुश्रूषा

कुत्र्याच्या शरीराचे वजन चारही पायांवर सारखे वाटलेले नसते. डोके, मान आणि छाती पुढे असल्यामुळे सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर येतो आणि ४० टक्के मागच्या दोन पायांवर. म्हणजे पुढचा एकेक पाय साधारण ३० टक्के वजन पेलतो, मागचा एकेक पाय २० टक्के. पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याला सावरायला अधिक श्रम का पडतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. मागचा पाय पळताना शरीराला पुढे ढकलतो; पुढचा पाय वेग आवरतो, वळवतो आणि डोक्याचे ओझे सांभाळतो. तो गेला की एकाच पायाला ही सारी कामे करावी लागतात, आणि कुत्रा उतारावर किंवा जिना उतरताना तोंडावर पडण्याची भीती अनेक आठवडे राहते.

पाय काढण्याची वेळ मुख्यतः तीन कारणांनी येते. पहिले कारण अपघात. वाहनाखाली किंवा रेल्वेखाली चिरडलेले, सांधता न येणारे हाड, किंवा धडकेत खांद्यातून पायाकडे जाणाऱ्या नसा मुळापासून उपटल्या जाऊन कायमचा लुळा पडलेला, फरफटत जाऊन घासणारा पुढचा पाय. दुसरे कारण हाडाचा कर्करोग. ऑस्टिओसार्कोमा नावाची ही गाठ ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा थोराड जातींत जास्त आढळते. पुढच्या पायात ती बहुधा मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ होते, मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास. तिसरे कारण म्हणजे औषधांना दाद न देणारा, हाडापर्यंत पोचलेला जंतुसंसर्ग. कारण कोणतेही असो, पाय बहुतेक वेळा मुळाजवळूनच काढतात. पुढचा पाय फऱ्याच्या हाडासकट आणि मागचा खुब्याच्या सांध्यातून किंवा मांडीच्या वरच्या भागातून. अर्धा पाय वाचवला असता तर बरे झाले असते, असे घरच्यांना वाटते. पण उरलेले थोटूक कुत्रा टेकवण्याचा प्रयत्न करत राहतो, ते जमिनीवर आपटते आणि तिथली जखम कधीच नीट भरत नाही. फरा मागे ठेवला तर त्यावरचे स्नायू वाळून हाडाचे टोक कातडीला टोचू लागते. म्हणून वरून घेतलेला छेद दिसायला मोठा असला तरी पुढच्या आयुष्यासाठी तोच सोयीचा ठरतो.

कुत्रा दवाखान्यातून घरी येण्याआधी घराची तयारी झालेली असावी, आणि त्या तयारीची सुरुवात फरशीपासून व्हावी. शहरातल्या बहुतेक घरांत आता गुळगुळीत व्हिट्रिफाइड लाद्या किंवा संगमरवर असतो. चार पायांचा कुत्रासुद्धा त्यावर वळताना घसरतो. तीन पायांवर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्याला ती फरशी म्हणजे उघड धोका आहे. एकदा जोरात पडलेला कुत्रा टाके तर ताणून घेतोच, पण पुढे कित्येक दिवस उठायलाच घाबरतो. तेव्हा झोपायची जागा, पाण्याचे भांडे आणि बाहेरचे दार यांना जोडणारी एक सलग वाट घसरणार नाही अशा पृष्ठभागाची करावी. योगा मॅट, मोटारीतल्या रबरी चटया किंवा खाली रबरी जाळी घातलेली सतरंजी चालते. नुसते पायपुसणे किंवा चादर चालत नाही, कारण पाय पडताच तीच सरकते. गावाकडच्या घरांत खडबडीत शहाबादी फरशी किंवा शेणाने सारवलेली जमीन असेल तर हा प्रश्न फारसा येत नाही. मात्र तिथे जखमेच्या स्वच्छतेची काळजी दुप्पट घ्यावी लागते. फरशीबरोबर पंजेही पाहावेत. गाद्यांच्या मधले केस वाढलेले असतील तर ते कापावेत आणि नखे आखूड करावीत, म्हणजे गादी जमिनीला नीट टेकते.

अंथरूण जाड आणि टणक हवे. फार मऊ गादीत कुत्रा रुततो आणि तीन पायांनी त्यातून उठणे त्याला जमत नाही. ते जमिनीवरच असावे. पलंग, सोफा आणि जिना यांची वाट काही आठवडे बंद ठेवावी. लहान मुलांसाठी वापरतात ते जाळीचे दार किंवा आडवी लावलेली खुर्ची त्याला पुरते. पुढचा पाय काढलेला असेल तर खाण्या-पिण्याची भांडी छातीच्या उंचीवर ठेवावीत. जमिनीवरच्या भांड्यापर्यंत वाकताना सारे वजन एकाच पायावर येते आणि तोल जातो.

बहुतेक कुत्रे एक ते तीन दिवसांत घरी सोडले जातात. पहिल्या एकदोन रात्री अवघड असतात हे आधीच ठाऊक असलेले बरे. भुलीचा आणि अफूवर्गीय वेदनाशामकांचा अंमल पुरता उतरलेला नसतो. कुत्रा कण्हतो, धापा टाकतो, एका जागी स्थिर होत नाही, ओळखीच्या माणसाकडेही शून्य नजरेने पाहतो. यातले सगळेच दुखण्यामुळे होते असे नाही; बराचसा भाग औषधाच्या गुंगीचा असतो. नेमके काय आहे हे दुरून ठरवता येत नाही, म्हणून कण्हणे थांबतच नसेल तर रात्री असली तरी डॉक्टरांना फोन करावा. लघवी पहिल्या २४ तासांत व्हायलाच हवी. न झाल्यास वाट पाहू नये. शौचाला मात्र तीन-चार दिवस लागले तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण शस्त्रक्रियेआधी पोट रिकामे ठेवलेले असते आणि वेदनाशामकांनी आतड्यांची हालचाल मंदावते.

घरच्या शुश्रूषेत सर्वांत जास्त चुका वेदनेच्या बाबतीत होतात. कुत्रा दुखणे लपवतो, तेव्हा तो ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही असे समजू नये. कान मागे ओढलेले, पाठ कमानदार, झोप तुटक, अन्नाकडे पाठ, जखमेच्या बाजूने कोणी आले की अंग आक्रसणे या दुखण्याच्या खुणा आहेत. डॉक्टर बहुधा दोन-तीन प्रकारची औषधे एकत्र देतात. मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखे सूज उतरवणारे एक औषध आणि नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन ही नेहमीची जोडी. ही औषधे ठरलेल्या वेळेला, दुखणे वाढण्याची वाट न पाहता द्यायची असतात. कुत्रा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हुशारलेला दिसला की गोळी बंद करण्याचा मोह होतो. तो हुशारलेला असतो तो गोळीमुळे, हे ध्यानात ठेवावे.

माणसांच्या औषधांच्या डब्याला हात लावू नये. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यावर भारतात २००६ साली बंदी आली ती गिधाडे वाचवण्यासाठी. पण माणसांच्या मलमांत आणि गोळ्यांत ते घरोघर आहे. गुडघ्याला असे मलम चोळलेल्या आजोबांचा पाय चाटणाऱ्या कुत्र्याच्या पोटातही ते जाते. गॅबापेंटिन डॉक्टरांनी दिलेलेच असले तरी माणसांसाठीच्या पातळ औषधाची बाटली आणण्याआधी विचारावे, कारण त्यांपैकी काहींत झायलिटॉल ही गोडी असते आणि ती कुत्र्यासाठी विषारी आहे. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांबरोबर स्टेरॉइड देऊ नये. आधीपासून कातडीच्या विकारासाठी स्टेरॉइड चालू असेल तर ते शस्त्रक्रियेआधीच सांगितलेले असावे. उलटी, काळी डांबरासारखी शी किंवा अन्न पूर्ण बंद, यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी थांबवून दवाखाना गाठावा.

पट्टी निघाल्यावर जखम पहिल्यांदा पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो. एका बाजूचे केस भादरलेले, लांबलचक टाके, भोवती काळेनिळे पडलेले अंग. हा काळा-निळा रंग पुढच्या दोन-तीन दिवसांत खाली सरकतो, पोटाकडे किंवा उरलेल्या पायाकडे उतरतो. हे रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळत असते. जखम बिघडल्याचे ते लक्षण नाही. टाक्यांच्या खालच्या टोकाशी मऊ, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा उंचवटा येतो तो सेरोमा, म्हणजे काढलेल्या स्नायूंच्या रिकाम्या जागेत साठलेला द्रव. लहान असेल तर शरीर तो आपोआप शोषून घेते. घरी सुई टोचून तो काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. त्या सुईबरोबर जंतू आत जातात. पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा टाक्यांच्या बाजूने ठेवला तर सूज आणि दुखणे दोन्ही कमी होते. कडा उघडणे, पू, दुर्गंध, हाताला लागणारी ऊब आणि वाढत जाणारी लाली ही बिघाडाची लक्षणे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसाच्या हाताला तो एरवीही गरम लागतो. हाताने अंदाज न बांधता गुदद्वारात थर्मामीटर लावून मोजावे. १०३ च्या वर गेले तर कळवावे. हिरड्या पांढुरक्या पडल्या, श्वास जोरात चालू लागला किंवा कुत्रा कोसळला तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता धरून तडक निघावे.

चाटण्याने जखम भरते ही समजूत घट्ट आहे आणि चुकीची आहे. कुत्र्याच्या तोंडात असंख्य जंतू असतात, आणि काही मिनिटांत तो दातांनी टाके उसवू शकतो. म्हणून गळ्यातला प्लास्टिकचा कोन टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, रात्रीसुद्धा काढू नये. कोनाच्या कडा दारा-भिंतींना अडकतात आणि तीन पायांवरच्या कुत्र्याचा तोल जातो, हे खरे आहे. त्यावर मऊ कापडी कोन किंवा हवा भरलेली गळपट्टी हा पर्याय डॉक्टरांना विचारून निवडावा. पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याला जुना सुती टी-शर्ट घातला तर जखम झाकली जाते आणि वाराही लागतो. आपल्याकडे आणखी एक धोका आहे तो माशांचा. पावसाळ्यात उघड्या, ओलसर जखमेवर माशी बसली तर एकदोन दिवसांत अळ्या पडतात. कुत्र्याला त्या काळात अंगणात किंवा पडवीत न ठेवता घरात, पंख्याखाली कोरडे ठेवावे. टाके असेपर्यंत आंघोळ नाही. पावसातून फिरून आल्यास पंजे पुसावेत, टाके कोरडे राखावेत.

उठणे आणि चालणे बहुतेक कुत्रे पहिल्या दोन दिवसांतच सुरू करतात. आधाराला टॉवेलची झोळी पुरेशी असते. मागचा पाय गेलेला असेल तर ती पोटाखालून, मांडीच्या पुढे घ्यावी आणि वजन उचलण्यापुरती नव्हे, तोल सावरण्यापुरती धरावी. नर कुत्र्याला ती लघवीच्या जागेवर दाबली जाणार नाही हे पाहावे, नाहीतर बाहेर नेऊनही तो लघवी करणार नाही. पुढचा पाय गेलेला असेल तर छातीला आधार हवा, पण जखमही तिथेच. तेव्हा पट्टा टाक्यांवर घासणार नाही असा हार्नेस डॉक्टरांना दाखवूनच घालावा. कुत्रा स्वतः उठू शकत नसेल तर दर चार तासांनी कूस बदलावी.

माणूस आजारातून उठला की त्याला हळूहळू चालवतात. तीन पायांच्या कुत्र्याचे याच्या उलट असते. त्याला संथ चालणे अवघड आणि उड्या घेत दुडकणे सोपे जाते, कारण वेग असला की तोल राखता येतो; स्थिर उभे राहण्यातच त्याचे सर्वांत जास्त श्रम होतात. म्हणून फेरी पाच-दहा मिनिटांचीच असावी, साखळी आखूड धरावी, पण कुत्र्याला त्याच्या लयीत जाऊ द्यावे. दिवसातून एक लांब फेरी मारण्यापेक्षा चार-पाच छोट्या फेऱ्या बऱ्या. पुढचा एकुलता पाय तो हळूहळू छातीच्या मध्याखाली आणू लागतो. तिवई उभी राहते ती तिचे पाय त्रिकोणात पसरलेले असतात म्हणून. कुत्र्याचे शरीरही काही आठवड्यांत स्वतःचा असा त्रिकोण शोधून काढते. नेदरलँड्समधील पशुवैद्यकांनी १९९९ साली ४४ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले बहुसंख्य कुत्रे महिन्याभरात नव्या चालीला सरावले होते. वय, वजन आणि उरलेल्या सांध्यांची स्थिती यांवर हा काळ कमी-जास्त होतो.

या काळात घरच्या माणसांचे दुःख कुत्र्याच्या दुःखापेक्षा पुष्कळदा मोठे असते. कुत्र्याला आपला पाय गेल्याची लाज वाटत नाही, आरशात तो स्वतःला पाहत नाही. अनेक दिवस लोंबकळणारा, ठणकणारा पाय गेल्यावर कित्येक कुत्रे आधीपेक्षा हलके होतात, आणि हे त्यांच्या शेपटीवरून कळते. मात्र घरातली रडारड, उंचावलेले आवाज आणि सतत उचलून घेणे त्याला जाणवते. प्रत्येक पावलाला हात पुढे करणारी माणसे त्याला उठायला शिकूच देत नाहीत. जवळ बसावे, नेहमीच्या वेळा पाळाव्यात, नेहमीच्या नावाने हाक मारावी. घरात दुसरा कुत्रा असेल तर दवाखान्याचा वास आणि बदललेली चाल पाहून तो गुरगुरू शकतो. पहिले काही दिवस दोघांत दार ठेवावे आणि भेट साखळी लावूनच घडवावी.

काही कुत्रे शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी झोपेतून किंचाळून उठतात, नसलेल्या पायाच्या दिशेने वळून पाहतात, तिथली कातडी आक्रसते. माणसांमध्ये हे दुखणे जुन्या काळापासून माहीत आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलास वेअर मिचेल या डॉक्टरांनी १८७१ साली त्याचे वर्णन केले. तुटलेल्या नसांचे टोक आणि मेंदूतला त्या पायाचा नकाशा या दोहोंतून ते उद्भवते. कुत्रा ते सांगू शकत नाही, पण त्याच्या वागण्यावरून तसेच काहीतरी होत असावे असे मानायला जागा आहे. त्याला वेड लागले किंवा तो हट्ट करतो, असे समजू नये. असा प्रसंग मोबाइलवर चित्रित करून डॉक्टरांना दाखवावा. गॅबापेंटिनची मात्रा वाढवून किंवा जोडीला दुसरे औषध देऊन तो पुष्कळदा आटोक्यात येतो.

टाके निघून जखम भरली की व्यायाम सुरू होतो. तोंडासमोर खाऊ धरून मान डावीकडे, उजवीकडे आणि पुढच्या पायाकडे वळवायला लावली तर पाठ आणि मान सैल होते. उभ्या कुत्र्याला खांद्यावरून किंवा खुब्यावरून अलगद हलवून तोल परत मिळवू दिला तर पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळावतात. एखाद्या दाट उशीवर पंजे ठेवून काही क्षण उभे राहणे हा पुढचा टप्पा. उरलेल्या पायांचे आणि पाठीचे स्नायू संध्याकाळी हाताने चोळावेत. तिथे दिवसभराच्या ताणाच्या गाठी बोटांना लागतात. पोहणे किंवा पाण्यातली ट्रेडमिल उपयोगी आहे, पण जखम पूर्ण भरल्यावर आणि देखरेखीखालीच. कृत्रिम पायाबद्दल बरेच जण विचारतात. तो बसवायला खालच्या पायाचा काही भाग शिल्लक लागतो. मुळापासून काढलेल्या पायाच्या जागी तो टिकत नाही, आणि इतर सांधे धड असतील तर त्याची किंवा चाकाच्या गाडीची गरजही सहसा पडत नाही.

आहाराचा विषय शेवटी येतो, पण पुढची कित्येक वर्षे त्यावर अवलंबून असतात. चार पायांचे वजन तिघांवर येते, म्हणून प्रत्येक जास्तीचा किलो सांध्यांना महाग पडतो. विश्रांतीत असलेल्या २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६६० कॅलरी लागतात. तूप लावलेल्या दोन पोळ्यांनीच त्यातल्या अडीचशेच्या वर भरून जातात, आणि दयेपोटी घरातला प्रत्येक जण बिस्किट देत असतो. जखम भरण्यासाठी प्रथिने हवीत. उकडलेले चिकन, अंडे, पचत असेल तर थोडे दही चालेल. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट नको. बरगड्या हाताला सहज लागाव्यात आणि वरून पाहताना कंबर दिसावी, ही घरच्या घरी करण्याजोगी चाचणी महिन्याला एकदा करावी.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे. तीन पायांवर वर्षानुवर्षे जगणारे भटके कुत्रे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरात दिसतात, आणि वस्तीतले लोक त्यांना सांभाळतात. तरी टाके निघेपर्यंत आणि कुत्रा न पडता पळू लागेपर्यंत त्याला परत सोडू नये. पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याला मोठ्या रहदारीच्या जागी सोडण्याआधी तर त्याला घर मिळते का याचा कसून शोध घ्यावा, कारण वाहन चुकवताना लागणारी अचानक थांबण्याची ताकद त्याच पायात होती.

पुढील वर्षांत लक्ष ठेवायचे ते उरलेल्या सांध्यांवर. मागचा एक पाय गेलेल्या कुत्र्याच्या दुसऱ्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले तर तो जवळजवळ जागेला खिळतो. म्हणून घसरणे आणि उंचावरून उड्या आयुष्यभर टाळायच्या असतात. उन्हाळ्यात तो लवकर थकतो, तेव्हा फेरी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, आणि डांबर हाताच्या मागच्या बाजूने तपासून. दर सहा महिन्यांनी सांध्यांची तपासणी करून घ्यावी. ऑस्टिओसार्कोमामुळे पाय गेला असेल तर हिशेब निराळा. पाय काढल्याने असह्य दुखणे थांबते, पण बहुतेक कुत्र्यांत रोगाच्या पेशी तोवर फुप्फुसांकडे निघालेल्या असतात. नुसत्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा महिने मिळतात. जोडीला कार्बोप्लाटिनसारखी केमोथेरपी दिली तर हा काळ दहा ते बारा महिन्यांच्या घरात जातो, आणि काही कुत्रे त्याहूनही पुढे जातात. छातीचा एक्स-रे दर दोन-तीन महिन्यांनी काढतात. केमोथेरपी बहुधा टाके निघण्याच्या सुमारास सुरू होते, म्हणून ती करायची की नाही हा निर्णय घरच्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच डॉक्टरांशी बोलून घ्यायचा असतो.